जड झालेल्या पायांसाठी दाबाचे मोजे: माप, घालण्याची रीत आणि मर्यादा

संध्याकाळ झाली की पाय भरून येतात, ही तक्रार ज्यांचे काम उभे राहून चालते त्यांच्याकडून हमखास ऐकू येते. फळ्यासमोर लागोपाठ तास घेणारे शिक्षक, चौकात उभे असणारे वाहतूक पोलीस, साड्यांच्या दुकानातील विक्रेत्या, खानावळीतील आचारी, शस्त्रक्रियागृहातील परिचारिका, सोसायटीच्या फाटकावरील रखवालदार यांच्या बरोबरीने दिवसभर संगणकापुढे एकाच खुर्चीत बसणारेही त्यांत मोडतात. सकाळी घोट्याची हाडे स्पष्ट दिसतात, संध्याकाळी चपलेचा पट्टा रुतू लागतो, साध्या मोज्याच्या रबराचा वळ पोटरीवर उमटतो, पोटऱ्या ओढल्यासारख्या वाटतात, आणि रात्री पाय उशीवर टेकवून झोपले की सकाळपर्यंत बहुतेक सारे ओसरलेले असते. दिवसाबरोबर वाढणारा आणि पाय वर केल्यावर उतरणारा असा जडपणा बहुधा शिरांमधील रक्त खाली साचण्याशी निगडित असतो, आणि त्यालाच बाहेरून दिलेल्या दाबाचा चांगला उपयोग होतो. हा दाब घरच्या घरी कसा द्यावा आणि कोणी देऊ नये, याविषयी हे लेखन आहे. मोजे कोणत्या कंपनीचे आहेत याची चर्चा लोक फार करतात. प्रत्यक्षात माप केव्हा घेतले, मोजा पायावर कसा चढवला आणि मुळात जडपणाचे कारण कोणते आहे, या तीन गोष्टींवर सारा फरक पडतो.

दाब नेमके काय करतो

हृदयाकडून पायांकडे येणारे रक्त जोराने ढकललेले असते. परत जाताना मात्र त्याला गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध चढावे लागते. हे काम मुख्यतः पोटरीचे स्नायू करतात. चालताना पोटरी आवळली की तिच्यातील खोल शिरा दाबल्या जातात, रक्त वर सरकते, आणि शिरांमधील झडपा ते पुन्हा खाली उतरू देत नाहीत. माणूस न हलता उभा असेल तर घोट्यापाशी शिरांमधील दाब पाऱ्याच्या ८० ते १०० मिलिमीटरपर्यंत असतो. तोच माणूस चालू लागला की निरोगी पायात हा दाब ३० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही खाली येतो. तासभर चालून जेवढे पाय दुखत नाहीत तेवढे तासभर रांगेत उभे राहून दुखतात, त्याचे एक मोठे कारण हेच आहे. झडपा सैल झालेल्या असतील, वजन वाढलेले असेल, गरोदरपण असेल किंवा पोटरीला हालचालच मिळत नसेल, तर हा दाब उतरत नाही, शिरा ताणल्या जातात आणि सूक्ष्म केशवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपून घोट्याभोवती साचतो.

दाबाचा मोजा घोट्यापाशी सर्वांत घट्ट आणि वर गुडघ्याकडे जाताना क्रमाने सैल विणलेला असतो. त्यामुळे शिरांचा व्यास कमी होतो, सैल झडपांची टोके एकमेकांच्या जवळ येतात, द्रव झिरपण्याचे प्रमाण घटते, आणि पोटरी आवळताना तिला बाहेरून एक आधार मिळतो. या रचनेची कल्पना पाण्यावरून सुचलेली आहे. अमेरिकेतील अभियंता कॉनराड जॉब्स्ट यांना स्वतःलाच शिरांचा विकार होता. पोहण्याच्या तलावात उभे राहिले की पाय हलके वाटतात हे त्यांच्या लक्षात आले, आणि पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो हे ध्यानात घेऊन त्यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास तशाच क्रमाने दाब देणारे मोजे तयार केले. पाण्यात १ मीटर खोलीवर सुमारे ७४ मिलिमीटर पाऱ्याइतका दाब असतो, म्हणजे छातीभर पाण्यात उभे राहणाऱ्याच्या घोट्यावर बाजारातील बहुतेक मोज्यांपेक्षा अधिक दाब पडतो. ज्यांना तलावाची सोय आहे त्यांनी पाण्यात नुसते उभे न राहता चालावे. पोहता येत नसले तरी त्याचा लाभ होतो.

मोजे घालणे हा शिरांच्या विकारावरील कायमचा इलाज नव्हे, हे मात्र आरंभीच समजून घ्यावे. फुगून वळणावळणाच्या झालेल्या शिरा, म्हणजे व्हेरिकोज व्हेन्स, मोज्यांनी नाहीशा होत नाहीत; मोजा पायावर असेपर्यंत त्रास कमी राहतो, काढला की काही वेळाने मूळ स्थिती परत येते. अशा शिरांमुळे घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळपट, कडक किंवा खाजरी झाली असेल, तर नुसत्या मोज्यांवर वेळ न घालवता शस्त्रक्रियातज्ज्ञाला दाखवावे, कारण पुढची पायरी तेथे जखम होण्याची असते आणि ती जखम महिनोन्‌महिने भरत नाही.

कोणी हे मोजे आपल्या मनाने घालू नयेत

जडपणाचे कारण शिरांमध्ये नसून धमन्यांमध्ये असेल, म्हणजे पायांकडे रक्त नेणाऱ्या नळ्याच अरुंद झाल्या असतील, तर बाहेरून दिलेला दाब आधीच तोकडा असलेला रक्तपुरवठा आणखी तोडतो. या दोहोंतील फरक घरी बऱ्याच अंशी ओळखता येतो. शिरांचा जडपणा पाय खाली सोडल्यावर वाढतो आणि वर घेतल्यावर कमी होतो. धमन्यांच्या विकारात याच्या उलट घडते, म्हणजे ठरावीक अंतर चालल्यावर पोटरीत कळ येऊन थांबावे लागते, आजार बळावला की रात्री पाय दुखून जाग येते, आणि पाय खाटेवरून खाली लोंबता ठेवला तर बरे वाटते. पाऊल थंडगार पडणे, बोटांवरील केस झडणे आणि बोटाची छोटी जखमही न भरणे ही त्याच वाटेवरची लक्षणे आहेत. विडी, सिगारेट किंवा मधुमेह यांचा बऱ्याच वर्षांचा इतिहास असणाऱ्यांनी मोजे घेण्यापूर्वी डॉक्टरांकडून घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचे गुणोत्तर काढून घ्यावे. हे गुणोत्तर साधारणतः ०.९ ते १.३ यांच्या दरम्यान असते, ०.८ च्या खाली आले तर तज्ज्ञाच्या सांगण्याशिवाय मोजे घालू नयेत, आणि ०.५ च्या खाली असेल तर दाबाचा विचारच सोडून द्यावा. मधुमेहात धमन्यांच्या भिंती कडक होत असल्यामुळे हा आकडा फसवा, म्हणजे खऱ्याहून चांगला येऊ शकतो, हेही डॉक्टरांशी बोलताना लक्षात असू द्यावे. शिवाय मधुमेहामुळे ज्यांचे पाय बधिर झाले आहेत त्यांना मोजा कोठे रुततो आहे हे कळतच नाही, आणि संध्याकाळी मोजा काढल्यावर थेट फोड दिसतो.

दोन्ही पायांवरील सूज सकाळीही तशीच राहत असेल, आडवे पडल्यावर दम लागत असेल किंवा लघवीचे प्रमाण कमी झाले असेल, तर प्रश्न पायांचा नसून हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा असू शकतो. हृदय आधीच थकलेले असताना पायांतील द्रव दाबून वर ढकलणे त्याला झेपत नाही. आपल्याकडे आणखी एक कारण वारंवार दुर्लक्षित राहते: रक्तदाबासाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या अ‍ॅम्लोडिपिन या गोळीने अनेकांच्या घोट्यांवर सूज येते. गोळी सुरू झाली तेव्हापासून सूज सुरू झाली असेल, तर आपल्या मनाने गोळी बंद न करता डॉक्टरांना तेवढे सांगावे. गोळी बदलल्यावर बहुधा मोज्यांची गरजही उरत नाही.

एकच पाय अचानक सुजणे, पोटरी दुखणे, तेथली कातडी गरम व लालसर होणे, हे खोल शिरेत गुठळी झाल्याचे लक्षण असू शकते. अशा पायावर मोजा चढवू नये, बँडेज बांधू नये, तो चोळू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, आणि सोबत छातीत दुखत असेल किंवा श्वास लागत असेल तर क्षणभरही थांबू नये. कातडीवर संसर्ग, पाणी झिरपणारा इसब किंवा ताप असतानाही मोजे बाजूला ठेवावेत.

किती दाब घ्यावा

दाब औषधासारखा मात्रेने द्यायचा असतो, आणि ही मात्रा पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोज्याच्या खोक्यावर छापलेली असते. तेथे ‘क्लास १’, ‘क्लास २’ असे लिहिलेले असले तरी त्यावर विसंबू नये, कारण हे वर्ग देशोदेशी वेगळे आहेत: जर्मन मानकानुसार पहिला वर्ग १८ ते २१ मिलिमीटरचा आणि दुसरा २३ ते ३२ मिलिमीटरचा, तर ब्रिटिश मानकानुसार पहिला १४ ते १७ आणि दुसरा १८ ते २४ मिलिमीटरचा आहे. म्हणजे दोन खोक्यांवर एकच ‘क्लास २’ असूनही पायावर पडणारा दाब निराळा असू शकतो. आकडा वाचावा, आणि खोक्यावर आकडाच नसेल तर तो मोजा या कामासाठी घेऊ नये. धावपटूंसाठी म्हणून विकले जाणारे अनेक रंगीबेरंगी मोजे याच कारणाने बाद ठरतात.

कोणताही आजार नसलेल्या, केवळ उभ्या कामाने पाय जड होणाऱ्या माणसाला १५ ते २० मिलिमीटरचा मोजा पुरतो. घट्टपणाची अजिबात सवय नसलेल्यांनी किंवा वयस्करांनी १० ते १५ पासून आरंभ केला तरी चालतो. न घालता कपाटात पडून राहणाऱ्या घट्ट मोज्यापेक्षा रोज पायात राहणारा सौम्य मोजा बरा. २० ते ३० मिलिमीटर व त्यापुढचे मोजे पाय तपासून घेतल्यानंतर डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच घ्यावेत. शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयात पायांत चढवतात ते पांढरे मोजे घरी आणून वापरण्याची पद्धत अनेक घरांत दिसते; पण ते अंथरुणात पडून असलेल्या रुग्णाच्या शिरांत गुठळी होऊ नये यासाठी बनवलेले असतात आणि दिवसभर उभे राहणाऱ्याच्या उपयोगाचे नसतात.

लांबीच्या बाबतीत गुडघ्याखालपर्यंतचा मोजा बहुतेकांना पुरेसा होतो. मांडीपर्यंतचा मोजा आपल्या हवामानात फार उकडतो, बसताउठताना घसरतो आणि गुडघ्यामागे त्याच्या वळ्या पडतात. तो घेण्याचे कारण डॉक्टरांनी सांगितले असेल तरच घ्यावा.

माप

सकाळी उठल्यावर, सूज चढण्याआधी माप घ्यावे. दुकानात संध्याकाळी कामावरून परतताना जाऊन माप दिले तर ते सुजलेल्या पायाचे होते, आणि तसा मोजा दुसऱ्या दिवशी सकाळी सैल पडतो. म्हणून शिंप्याची मोजपट्टी घेऊन घरीच मापे काढावीत आणि कागदावर लिहून दुकानात न्यावीत. घोट्याच्या हाडाच्या किंचित वर जेथे पाय सर्वांत बारीक असतो तेथला घेर, पोटरी जेथे सर्वांत जाड असते तेथला घेर, आणि जमिनीपासून गुडघ्यामागच्या घडीपर्यंतची लांबी अशी तीन मापे लागतात. पट्टी कातडीला लागून असावी, पण कातडी दबू नये. दोन्ही पाय स्वतंत्र मोजावेत, कारण त्यांत फरक असणे अगदी स्वाभाविक आहे.

खोक्यावरील तक्त्यात ही मापे बसवून आकार निवडावा. एका कंपनीचा ‘मीडियम’ दुसरीचा ‘लार्ज’ असू शकतो. घोट्याचे माप एका रकान्यात आणि पोटरीचे दुसऱ्यात पडत असेल तर ‘थोडा मोठाच द्या’ म्हणून सुटका करून घेऊ नये, तर त्या पायासाठी दुसऱ्या कंपनीचा तक्ता पाहावा किंवा मापानुसार मोजा शिवून घ्यावा. बुटाच्या नंबरावरून ऑनलाइन मागवलेले मोजे बहुधा चुकतात, कारण बुटाचा नंबर पावलाची लांबी सांगतो, पोटरीचा घेर सांगत नाही. बोटे उघडी ठेवणारा आणि बोटे झाकणारा असे दोन प्रकार मिळतात. अंगठ्याची चप्पल घालणाऱ्यांना आणि पायांना फार घाम येणाऱ्यांना पहिला प्रकार सोयीचा पडतो.

मोजा चढवणे

घट्टपणाला वैतागून लोक मोजे टाकून देतात, त्यामागे पुष्कळदा मोजा चढवण्याची चुकीची रीत असते. साधा मोजा गोळा करून पायात ओढतात तसा हा ओढला तर तो अर्ध्यावर अडतो, कारण सगळ्या वळ्यांचा घट्टपणा एकाच जागी येतो. अंथरुणातून उठून कामाला लागण्यापूर्वीच मोजे घालावेत. आंघोळ करून मगच घालायचे असतील, तर आंघोळीनंतर पाय पूर्ण कोरडे करून दहा-पंधरा मिनिटे आडवे पडावे, पाय उशीवर उंच ठेवावेत, आणि मग मोजे घ्यावेत.

हातातील अंगठ्या, मनगटातील घड्याळ, पायांतील पैंजण आणि जोडवी आधी काढून ठेवावीत. पैंजणावरून मोजा चढवला तर त्याची नक्षी दिवसभर कातडीत रुतते. बोटे उघडी असलेला मोजा घालणाऱ्यांना जोडवी नंतर पुन्हा घालता येतात. नखे कापलेली असावीत आणि टाचांच्या भेगा खरवडीने गुळगुळीत केलेल्या असाव्यात, कारण नव्या मोज्याचे धागे बहुतेक वेळा येथेच अडकून निघतात. त्यानंतर मोज्यात हात घालून टाचेचा खिसा चिमटीत धरावा आणि टाचेपर्यंतचा भाग उलटा करावा, म्हणजे पावलाचा भाग आत राहील. खुर्चीवर बसून पाऊल त्यात पूर्ण सरकवावे, मोज्याची टाच पायाच्या टाचेवर नेमकी बसवावी, आणि मग उरलेला भाग पोटरीवरून थोडाथोडा वर न्यावा. वरची कड धरून खेचू नये. हातांत भांडी घासण्याचे रबरी हातमोजे घातले, तर तळव्यांनी नुसते वर सारत नेले तरी मोजा सरकतो आणि नखेही लागत नाहीत. एवढ्या एका गोष्टीने निम्मा त्रास वाचतो. बोटे उघडी असलेल्या प्रकारात पावलावर आधी गुळगुळीत प्लास्टिकची पिशवी चढवावी, त्यावरून मोजा सहज घसरतो, आणि मग पिशवी बोटांच्या बाजूने ओढून काढावी. वाकता न येणाऱ्यांसाठी मोजा उघडा धरून ठेवणारी तारेची घोडी सर्जिकल वस्तूंच्या दुकानात मिळते.

मोजा गुडघ्यामागच्या घडीच्या दोन बोटे खाली संपावा. तो लांब होतो म्हणून वरची कड दुमडणे ही सर्वांत घातक चूक आहे, कारण दुमडलेल्या जागी दाब दुप्पट होतो आणि तेथे दोरी बांधल्यासारखे होऊन खालचा पाय अधिक सुजतो. जास्तीची लांबी खाली सारून पायभर सारखी पसरावी आणि कोठेही वळी राहिली नसल्याचे तळव्याने फिरवून पाहावे. मोजा नीट बसला असेल तर पायाला सर्व बाजूंनी धरून ठेवल्यासारखे वाटते. दुखत नाही, मुंग्या येत नाहीत, बोटे थंड किंवा निळसर पडत नाहीत. पायाच्या अंगठ्याचे नख दाबून सोडले की दोनेक सेकंदांत त्याला पुन्हा गुलाबी रंग आला पाहिजे. तसे झाले नाही तर मोजा लगेच काढावा.

पहिले काही दिवस दोन-तीन तासांपुरते घालून मग वेळ वाढवत न्यावा. झोपताना मोजे काढावेत, कारण आडवे पडल्यावर पायांतील शिरांवर तो भारच राहत नाही. काढल्यावर टाच, घोटा आणि नडगीची कड निरखून पाहावी. अर्ध्या तासातही न विरणारी लाली दिसली तर माप चुकले आहे असे समजावे. खोबरेल तेल किंवा मलम लावायचे ते याच वेळी, म्हणजे रात्री लावावे. सकाळी तेलकट पायावर मोजा चढत नाही आणि तेलाने त्याचा ताणही लवकर मरतो.

पावसाळ्याचे प्रश्न वेगळे असतात. भिजलेला मोजा दिवसभर पायात राहिला की बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, म्हणून कामाच्या जागी कोरडी जोडी ठेवावी आणि बोटांमधील जागा पुसून कोरडी करावी. विदर्भाच्या उन्हाळ्यात दुपारी मोजे सोसवत नसतील तर सकाळच्या पाळीत घालून दुपारी काढावेत आणि पाय उंच करून पडावे. अर्धवट वापर हा अजिबात न वापरण्यापेक्षा चांगला असतो.

मोज्याच्या जोडीला पोटरीला काम मिळाले पाहिजे. दर अर्ध्या तासाने चवड्यांवर उभे राहून टाचा पंधरा-वीस वेळा उचलाव्यात, बसल्या जागी घोटे वरखाली करावेत, आणि घरी आल्यावर पाय हृदयाच्या पातळीहून वर ठेवून पंधरा ते वीस मिनिटे पडावे. खुर्चीवर बसून समोरच्या स्टुलावर पाय ठेवणे त्यासाठी पुरत नाही. दुकानांतून उभे राहणाऱ्या कर्मचाऱ्यांना बसण्याची सोय देण्यासाठी केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये कायद्यात बदल केला. आपल्या दुकानाच्या मालकाला मोज्यांविषयी सांगण्याआधी स्टुलाविषयी सांगावे, असे माझे प्रामाणिक मत आहे.

क्रेप बँडेज आणि यंत्रे

क्रेप बँडेज जवळजवळ प्रत्येक घरात असते, पण ते बांधण्यासाठी सरावाचा हात लागतो आणि काही तासांत ते सैल पडते. मोजे येईपर्यंत किंवा पायाचा आकार तक्त्यात बसत नसेल तरच ते वापरावे. १० सेंटिमीटर रुंदीची पट्टी घ्यावी, पाऊल नडगीशी काटकोनात ठेवावे, बोटांच्या मुळापासून सुरुवात करून टाच झाकून घ्यावी आणि प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा येईल अशा बेताने गुडघ्याच्या दोन बोटे खालपर्यंत जावे. पट्टी जेवढी ताणली जाते त्याच्या सुमारे निम्माच ताण द्यावा आणि तो शेवटपर्यंत सारखा ठेवावा. घोट्यापाशी मुद्दाम घट्ट ओढण्याची गरज नसते, कारण ताण तेवढाच असला तरी घेर जितका लहान तितका दाब जास्त पडतो. याच नियमाने नडगीच्या धारदार हाडावर दाब वाढतो, म्हणून बारीक पायांवर पट्टीखाली कापसाचा पातळ थर द्यावा. केवळ पोटरीला बांधून पाऊल मोकळे सोडण्याची चूक फार होते आणि मग पाऊलच फुगते. टोक धातूच्या आकड्यांऐवजी चिकटपट्टीने बसवावे आणि रात्री बँडेज सोडून ठेवावे.

हवा भरून पाय आळीपाळीने आवळणारी यंत्रे आता घरगुती वापरासाठी सर्रास मिळतात. वीस ते तीस मिनिटे ती लावून पडल्यास पाय हलके वाटतात हे खरे, परंतु केवळ थकव्यासाठी त्यांची गरज क्वचितच असते, आणि मोज्यांसाठी सांगितलेली सारी बंधने येथे अधिक कडकपणे पाळावी लागतात. पायात गुठळी असल्याचा नुसता संशय असला तरी यंत्र लावू नये.

प्रवास, गरोदरपण आणि हत्तीपाय

मुलांना भेटण्यासाठी मुंबईहून अमेरिकेला जाणाऱ्या ज्येष्ठांना पंधरा-सोळा तास सलग बसावे लागते. चार तासांहून मोठ्या विमानप्रवासावरील चाचण्या एकत्र करून पाहिल्या असता, असे मोजे घालणाऱ्यांमध्ये पायांची सूज आणि लक्षणे न दाखवणाऱ्या गुठळ्या कमी आढळल्या. १५ ते २० मिलिमीटरचे मोजे निघण्यापूर्वी घरीच घालावेत, दोन आठवडे आधीपासून सवय करावी आणि विमानात मार्गिकेतून फेऱ्या माराव्यात. पूर्वी गुठळी झालेली असेल, कर्करोगावर उपचार चालू असतील किंवा नुकतीच मोठी शस्त्रक्रिया झाली असेल, तर मोज्यांशिवाय आणखी काही हवे का हे डॉक्टरांना विचारावे. रात्रभर आसनावर बसून केलेल्या बसप्रवासालाही हेच लागू पडते.

गरोदरपणात वाढलेले गर्भाशय ओटीपोटातील शिरा दाबते, त्यामुळे पाय जड होणे साहजिक आहे आणि गुडघ्यापर्यंतचे सौम्य मोजे तेव्हा सुखाचे वाटतात; डाव्या कुशीवर झोपण्यानेही फरक पडतो. मात्र चेहरा आणि हात अचानक सुजले, डोके जोराने दुखू लागले किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर रक्तदाब लगेच मोजून घ्यावा.

गडचिरोली, चंद्रपूर या भागांत हत्तीरोग अजूनही आढळतो. त्याची सूज लसीकेच्या, म्हणजे शरीरातील जादा द्रव परत नेणाऱ्या, वाहिन्या बिघडल्यामुळे येते, ती रात्री पुरती उतरत नाही, आणि तिच्यासाठी तयार मोजा आणून भागत नाही. तेथे रोज साबणपाण्याने पाय धुऊन बेचक्यांसह कोरडे करणे, पाय उंच ठेवणे आणि आरोग्य केंद्रात दाखवून बँडेजची रीत शिकून घेणे या क्रमाने जावे.

मोज्यांची निगा

दोन जोड्या आलटून पालटून वापराव्यात. मोजे रोज कोमट पाण्यात सौम्य साबणाने हाताने धुवावेत, पिळू नयेत, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपावे आणि सावलीत पसरून वाळवावेत. कडक ऊन, इस्त्री आणि ब्लीच यांनी त्यातील लवचीक धागा मरतो. रोजच्या वापरात साधारण सहा महिन्यांनी दाब कमी होतो. सकाळी मोजा फारच सहज चढू लागला, दुपारपर्यंत घोट्याशी गोळा होऊ लागला किंवा धुतल्यावरही त्याचा ताणलेला आकार मूळ जागी येईनासा झाला, म्हणजे जोडी बदलण्याची वेळ आली. नवी जोडी घेताना जुन्या खोक्यावरचा आकार सांगून मोकळे होऊ नये. सहा महिन्यांत वजन आणि सूज दोन्ही बदललेली असू शकतात, म्हणून मोजपट्टी पुन्हा एकदा सकाळीच पायाला लावावी.